पोच आल्याशिवाय

माझ्या सासऱ्यांचा उजवा हात कधी गप्प बसला नाही. झोपाळ्यावर बसले की कडीवर, पाटावर बसले की पाटाच्या कडेवर आणि देवळात कीर्तनाला बसले की स्वतःच्याच गुडघ्यावर त्यांचं मधलं बोट वाजत राहायचं. कट, कट, कड्ड, कट. लग्न होऊन मी बेळगावच्या खासबागेतल्या त्या घरात आले तेव्हा आजूबाजूला दिवसभर हातमागांचा खटखटाट असायचा आणि घरात सासऱ्यांचं बोट. पहिले आठ दिवस मला वाटलं, बिचाऱ्यांची एखादी नस आखडली असावी. शेवटी धीर करून सासूबाईंना विचारलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आजार न्हाय गं तो. तार मारायलेत. तीस वर्षं हापिसात मारली, आता पेन्शनीत फुकट मारत्यात."

गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं, मी मामंजी. मी जात्याच भोचक, त्यामुळे चार-सहा महिन्यांत त्यांच्याकडूनच ती लिपी थोडीफार शिकून घेतली. बोट टेकवून लगेच उचललं की आखूड ठोका, टेकवून ठेवलं की लांब. एकदा मी आमटी वाढली. मामंजी तोंडानं "झकास झालीया" म्हणाले आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या बोटानं पाटावर इंग्रजी अक्षरांत वाजलं, 'सॉल्ट'. मी मुकाट्यानं मीठ आणून ठेवलं. ते इतके दचकले की भुरका मारायचा राहिला. त्या दिवसापासून मी त्यांच्या जिभेपेक्षा बोटांवर जास्त विश्वास ठेवला.

त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्या घराला पाळावा लागायचा. पोच आल्याशिवाय तार गेली असं म्हणायचं नाही. तारखात्यात मजकूर पाठवून झाला की पलीकडच्या टोकाचा माणूस तीन ठोके परत द्यायचा. आखूड, लांब, आखूड. म्हणजे मिळालं. ते तीन ठोके येईतो जागेवरून उठायचं नाही, मग जेवण थंड होवो नाहीतर घरी पाहुणे खोळंबोत. पेन्शनीतही हे सुटलं नाही. कंग्राळीला चुलतसासूबाईंकडे निरोप धाडला आणि गडी "सांगून आलतो" म्हणाला, तरी ते विचारणार, "त्या काय म्हणाल्या ते सांग. तू सांगितलंस म्हणजे त्यांना पोचलं न्हाय." पाहुणे गेले की चार दिवसांत सुखरूप पोचल्याचं कार्ड यायलाच हवं. नाही आलं तर मामंजी स्वतः जोडकार्ड धाडायचे, उत्तराच्या कार्डावर आपला पत्ता लिहून.

ह्याच्यामागे एक जुनी गोष्ट होती. तरुणपणी एका पावसाळ्यात जांबोटीच्या रानात झाडं पडून तारा तुटल्या होत्या. घाटाखाली नोकरीला असलेल्या एका माणसाची आई इकडे शेवटच्या घटका मोजत होती आणि त्याला बोलावण्याची तार मामंजींच्या हाती होती. पाच दिवस ते तीच तार मारत राहिले. पलीकडून पोच नाही. तो मुलगा आला तेव्हा राख सावडून झाली होती. त्यानं कचेरीत येऊन एवढंच विचारलं, "मास्तर, तुम्ही धाडलीवती न्हवं?" ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला अजून सापडलं नाही, असं मामंजी मला म्हणाले होते.

त्याच वर्षी कुठल्याशा इंग्रजी वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की विलायतेत एक कंपनी तारेशिवाय तार पाठवते. खांब नाही, तार नाही, नुसत्या हवेतून. मामंजींनी सासूबाईंच्या पाटल्या मागितल्या, सासूबाईंनी दिल्या आणि मुंबईच्या एका दलालामार्फत त्या बिनतारी कंपनीचे शेअर आले. पहिलं महायुद्ध तेव्हा सुरू व्हायचं होतं. माझे यजमान पाळण्यात होते. तारखात्यातला माणूस बिनतारीत पैसे घालतो म्हणून सगळी कचेरी हसली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारणारा म्हणून त्यांचं नाव झालं.

सर्वांत जास्त हसले ते निपाणीचे आप्पा. आप्पांची तंबाखूची वखार होती आणि ते मामंजींचे शाळेपासूनचे दोस्त. महिन्यातून एकदा बेळगावला यायचे आणि ते येण्याआधी त्यांचा तंबाखूचा वास यायचा. मामंजींना खिजवायला म्हणून त्यांनी मुद्दाम समुद्रातून तारा टाकणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले. म्हणजे दोन कंपन्यांची विलायतेत जुंपली होती आणि त्यांचं भांडण आमच्या सोप्यात चालायचं. आप्पांना दर सहा महिन्यांनी डिव्हिडंड यायचा. तो आला की आप्पा पेढे घेऊन हजर.

"मास्तर, धरायला हातात तार पायजे. हवेला कोण धरणार?"

"हवेला तोडायला तरी कोण येणार, आप्पा?"

"पर तुमची कंपनी पैसा कवा देणार ते तरी हवेतनं कळवा की!"

ह्यावर मामंजी एक पेढा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "पोच यायची हाय."

वर्षं गेली. बिनतारीचा भाव घसरत रद्दीच्या भावाला आला, तरी मामंजींनी कागद विकला नाही. मग त्या कंपनीनं नवी यंत्रं उभारली आणि तारवाल्यांपेक्षा स्वस्तात निरोप धाडायला सुरुवात केली. तारवाल्यांनी दर उतरवले, बिनतारीवाल्यांनी आणखी उतरवले आणि आप्पांचे पेढे एका सहामाहीला आलेच नाहीत. शेवटी दोन्ही कंपन्या भांडून दमल्या आणि एक झाल्या. बातमी कळली तेव्हा आप्पा निपाणीहून आले आणि दारातच म्हणाले, "रामराम व्याही!" तो दिवस दोघांनीही फार थाटात साजरा केला असं सासूबाई सांगायच्या.

जुने कागद धाडून नव्या कंपनीचे घ्यायचे होते आणि तिथे आमच्या घराची चूक नडली. तो कागद दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडला जायचा आणि सासूबाई त्याला ओल्या बोटानं हळदकुंकू लावायच्या. धंदेवाल्यांच्या चोपड्यांना लावतात तसं. इतक्या दिवाळ्यांचं कुंकू नेमकं नंबरावर आणि नावावर साचलं होतं, खालची शाई फुटली होती. कागद मुंबईहून परत आला. सोबत इंग्रजी पत्र, की तांबड्या पदार्थामुळे मजकूर वाचता येत नाही. मग प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, पुन्हा पत्र. वर्षाच्या वर गेलं. तेवढ्यात भाव आभाळाला लागला आणि नवा कागद हातात येईतो जगभर मंदी येऊन तो पुन्हा मातीला मिळाला. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "माझ्या कुंकवानं घात केला." मामंजींनी एकदाही त्यांना शब्दानं दुखवलं नाही. उलट पुढच्या लक्ष्मीपूजनाला त्यांनी नवा कागद स्वतः पाटावर मांडला आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं लाव. हितं काय लिवलेलं न्हाय."

असा हा माणूस. त्यांच्या सबुरीचं कौतुक सगळं बेळगाव करायचं, मीही करत होते. पण त्या सबुरीची एक बाजू मला लग्नानंतर कळली. माझ्या यजमानांना, म्हणजे ह्यांना, शाळामास्तर व्हायचं होतं. हात चित्रकलेचा, स्वभाव मुलांत रमणारा. मामंजींनी ऐकलं नाही. "तारेचा जमाना माझा झाला, बिनतारीचा तुझा," म्हणाले आणि मुलाला मुंबईला बिनतारी शिकायला घातलं. नुसता पैसा नव्हे, पोरगाही त्यांनी त्याच भरवशावर लावला. हे मालवाहू बोटीवर बिनतारीवाले म्हणून लागले. आमच्या संसाराचे दिवस मी मोजलेत. सगळ्या रजा मिळून पाच महिने आणि काही दिवस भरतात.

हे बोटीवर असतानाच सासूबाई गेल्या. नंतर दुसरं महायुद्ध पेटलं आणि एके दिवशी बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. बोट बंदराला लागली नाही, ठावठिकाणा नाही, बोटीवरची माणसं मयत समजावीत.

कंग्राळीहून चुलतसासूबाई आणखी दोन बायकांना घेऊन आल्या. त्या कशासाठी आल्या हे मला कळलं आणि मी देवघरात जाऊन बसले. मामंजी माजघराच्या दारात आडवे उभे राहिले. एरवी बायकांच्या गोष्टीत तोंड न घालणारा माणूस. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा प्रथम ऐकला.

"तिच्या कुंकवाला हात लावायचा न्हाय."

"भावजी, कागद आलाय न्हवं कंपनीचा? लोक काय म्हणतील?"

"समजावीत म्हणून लिवलंय. समजावीत म्हणजे पोच न्हाय."

बायका परत गेल्या. खरं सांगते, त्या दिवशी मला मामंजींचे पाय धरावेसे वाटले. आणि दोन वर्षांनी त्याच पायांवर डोकं आपटून म्हणावंसं वाटलं, पुसू द्या हो मला एकदाचं. मी सवाष्ण म्हणून कुणाच्या हळदीकुंकवाला गेले तर बायका गप्प व्हायच्या. माझी ओटी भरावी की नाही ते त्यांना कळायचं नाही. मला रडायलाही परवानगी नव्हती, कारण रडणं म्हणजे मान्य करणं. पुढं शिकावं म्हटलं, तर मामंजी म्हणायचे, "तो आला की ठरवू." मी त्यांच्यावर माया करत होते आणि त्यांचा रागही करत होते, दोन्ही एकाच घरात, एकाच चुलीवर.

रोज दिवेलागणीला ते झोपाळ्यावर बसायचे आणि कडीवर चार अक्षरं वाजवायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ह्यांच्या बोटीला बिनतारीवरून हाक मारायची ती अक्षरं होती. हाक मारून झाली की बोट थांबायचं. ते हात उताणा करून मांडीवर ठेवायचे आणि वाट बघायचे. मग पुन्हा हाक. शेजारचे माग तोवर बंद झालेले असायचे, त्यामुळे ती मधली शांतता फार मोठी वाटायची. मी तवा आपटायची, पातेलं घासायची, काहीतरी आवाज करायची. तीन वर्षं रोज संध्याकाळी हे चाललं.

आणि ह्याच वर्षांत त्या शेअरचा भाव चढला. लढाईला बिनतारी हवी होती, पलटणीला हवी, बोटींना हवी, विमानांना हवी. आप्पा निपाणीहून धावत आले. ह्या खेपेला पेढे नव्हते, पण माणूस हरखला होता. "मास्तर, तुम्ही जिंकलासा! माझी हार कबूल. आता तरी इका. ह्याच्यावर भाव जायचा न्हाय."

मामंजी म्हणाले, "पोच कुठं आलीया?"

"अवो, आता आनि कसली पोच पायजे? दाम तिप्पट झालंय."

"आप्पा, ह्या कागदाच्या भरवशावर मी त्याला धाडलंय. तो यायच्या आधी ह्यो कागद कसा सोडू?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवून आत निघून गेले. त्या दिवशी मला नीट कळलं की तो कागद आणि माझं कपाळ ह्यांचा निकाल एकदमच लागणार आहे.

लढाई संपली. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी आप्पांची मोटार दारात थांबली. आप्पांबरोबर एक खलाशी होता, दाऊद नावाचा, कोकणातला. फोंडाघाट चढून तो निपाणीला आला होता आणि मोटारस्टँडवर बेळगावच्या तारमास्तरांचा पत्ता विचारत होता, म्हणून लोकांनी त्याला आप्पांच्या वखारीत पोचवलं होतं. एका कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. तो झोपाळ्यासमोर जमिनीवर बसला, वर बसायला तयार होईना. मी दाराशी उभी होते.

"मी साहेबांच्या बोटीवर होतो," तो म्हणाला. "बोट फुटली तेव्हा त्यांच्या खोलीच्या दाराशीच होतो. मी म्हटलं, साहेब चला, होड्या सोडतायत. त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली. कानाला ते यंत्र, हात चालू. पायाला पाणी लागलेलं. मग एकदम हसले आणि ओरडले, 'पोच आली रं दाऊद, पोच आली!' दोनदा म्हणाले. कसली पोच, मला काय ठाऊक. मला म्हणाले, 'तू हो म्होरं. ठिकाण आनि एकदा सांगून आलोच मी.' ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बोट नेमकी आमच्या होडीपाशी आली. आम्ही नऊ जण वाचलो. मी इस्पितळात होतो, मग पुन्हा बोटीवर. लढाई संपेतो सुटका नव्हती आणि बुडालेल्या बोटींची बातमी बाहेर कळवायला बंदी होती. म्हणून उशीर झाला."

कोकणातल्या त्या माणसाच्या तोंडून 'रं' आणि 'म्होरं' आमच्या बेळगावच्या आवाजात आलं. तेवढं सोंग त्याला आणता येणं शक्य नव्हतं. मामंजींनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा हात कडीकडे गेला आणि कधी न ऐकलेले तीन ठोके मी ऐकले. आखूड, लांब, आखूड.

मग ते उठले. "शालू, ह्यांना पान वाढ गं." मी दाऊदला जेवायला वाढलं. तो जेवून उठल्यावर मी आत गेले, आरशासमोर उभी राहिले आणि पदरानं कपाळ पुसलं, स्वतःच्या हातानं. बाहेर आले तेव्हा मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि उपरण्यात तोंड घातलं. मीही त्या दिवशी पोटभर रडले, तीन वर्षांचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेअरचा कागद आप्पांच्या हातात दिला. "इकून टाका."

आप्पा घोटाळले. "मास्तर, लढाई संपल्यावर भाव उतरलाय. लई न्हाय, सहा म्हैने थांबा की. पुन्ना चढंल." जन्मभर विका विका म्हणणारा माणूस थांबा म्हणत होता.

"आता कशाला थांबायचं? पोच आली की," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, त्याला मास्तर व्हायचं हुतं. मी हू दिलं न्हाय. तू हो."

त्या पैशांवर मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. निघायच्या दिवशी मामंजी आणि आप्पा दोघेही स्टेशनवर आले होते. मामंजी खिडकीशी उभे राहून एकच वाक्य बोलले. "पोचलीस की तार कर. पत्र नको, तार." मी हसून म्हटलं, "मामंजी, मी तुमच्याच घरात वाढलेय." गाडी हलली तेव्हा त्यांचं बोट डब्याच्या लाकडावर काहीतरी वाजवत होतं. गाडीच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही.

आणि मी विसरले.

ह्याला दुसरा शब्द नाही, मी पुष्कळ शोधला. वसतिगृहात पाय ठेवला आणि माझ्या वयाच्या, माझ्याहून लहान मुलींनी मला घेरलं. कुणी माझ्या कपाळाकडे बघत नव्हतं. कुणी मला सून म्हणत नव्हतं. आम्ही नदीवर गेलो, भेळ खाल्ली, एका मुलीनं कसलीशी नक्कल केली आणि मी इतकी हसले की पोटात कळ आली. कितीतरी वर्षांनी मी सुखात होते, आणि दोन दिवस मला बेळगाव आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गात हजेरी झाली. माझं नाव पुकारलं, मी "हजर" म्हटलं, आणि माझं बोट आपोआप बाकाच्या कडेवर वाजलं. आखूड, लांब, आखूड. तशीच उठले आणि तारघराकडे पळत सुटले.

ते दोन दिवस मामंजी कसे होते, ते त्यांच्या सोबतीला बेळगावातच राहिलेल्या आप्पांनी मला नंतर सांगितलं. रोज सकाळी जुन्या कचेरीत जाऊन बाकावर बसायचे. तिथली माणसं ओळखीची, चहा पाजायची. "तार यायची हाय," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी कचेरी बंद झाल्यावर घरी आले, झोपाळ्यावर बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. माझी तार दुपारी दारात आली. आप्पा तिरडीच्या तयारीत होते. शिपायाच्या पावतीवर त्यांनीच सही केली.

आप्पांची तार मिळून मी पोचले तोवर सगळं झालं होतं. आप्पांनी ते पाकीट माझ्या हातात दिलं, न फोडलेलं. म्हणाले, "त्याच्या नावावर हाय. मी कशी फोडू?" मग म्हणाले, "तू जिवाला लावून घिऊ नको बाळ. मी त्याला इचारलंतं, मास्तर, काळजी वाटायलीया काय? तर म्हणाला, न्हाय आप्पा. पोचली असंल. इसरली असंल. इसरू दे की एकदा."

हे मामंजी खरंच बोलले, की माझं तोंड बघून आप्पांनी तिथल्या तिथे रचलं, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि आता आप्पाही नाहीत. मी मास्तरीण झाले. ह्यांना काढायची होती तशी चित्रं फळ्यावर काढून पोरांना शिकवलं. पाकीट अजून तसंच आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजनात मी ते पाटावर मांडते. कुंकू लावत नाही.

अजूनही कुठं गेले, अगदी शेजारच्या गावी गेले, तरी पोचल्यावर आधी दाराच्या चौकटीवर नाहीतर टेबलाच्या कडेवर बोटानं तीन ठोके देते. मग हात उताणा करून मांडीवर ठेवते आणि थोडा वेळ थांबते.